हीरकवाहक खडक आणि बॅराइट : खानदेशाच्या भूमीवरून भूरसायनाच्या मराठी परिभाषेची तपासणी

शास्त्रीय परिभाषेविषयी मराठीत जो वाद चालत आला आहे, तो बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरतो: शब्द संस्कृतातून घडवावा की इंग्रजीतून जसाच्या तसा उचलावा. दोन्ही पक्षांनी आपापली बाजू हिरिरीने मांडली. परंतु या हमरीतुमरीत एक साधा प्रश्न मागे पडला. जो शब्द निवडला, तो त्या शास्त्राला जे ज्ञात आहे तेच सांगतो, की त्याच्या उलट काही सांगतो? शब्दाचे कुल तपासण्यापूर्वी त्याचे वर्तन तपासले पाहिजे. भूरसायनशास्त्रात ही गरज विशेष तीव्र आहे. या शास्त्रात खडकाचे नाव हे केवळ लेबल नसते. खडक कोठून आला, किती खोलीवरून आला आणि येताना त्याने काय बरोबर आणले, याविषयीचे अनुमान त्या नावात गृहीत धरलेले असते.

या तपासणीसाठी हिरे असलेले खडक आणि बॅराइट हे खनिज असे दोन विषय येथे घेतले आहेत. तपासणीचे स्थळ खानदेश आहे. खानदेशात हिरेही नाहीत आणि बॅराइटचे साठेही नाहीत, मग हे स्थळ कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की जेथे वस्तू असते तेथे शब्द चुकला तरी वस्तूच तो सुधारते. जेथे वस्तू नसते तेथे मात्र विद्यार्थ्याला शब्दावरच विसंबावे लागते. जळगाव किंवा धुळे येथील पदव्युत्तर विद्यार्थी हिऱ्याचा खडक प्रथम पुस्तकात पाहतो. पुस्तकातला शब्द फसवा असेल तर त्याला सावरणारा दगड त्याच्या अंगणात नाही.

त्याच्या अंगणात आहे तो काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला हा बेसाल्ट सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत आणि तेथून पुढे सह्याद्रीपर्यंत गेला आहे. मधल्या तापीच्या खोऱ्यात, विशेषतः जळगाव जिल्ह्यात, त्यावर जाड गाळ बसला आहे. धुळे आणि नंदुरबार (हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला) या भागांत या बेसाल्टला उभ्या चिरा पडून त्यांत शिलारस घुसला आणि थिजला. आजूबाजूचा खडक झिजल्यावर त्या चिरा मैलोगणती लांबीच्या भिंतींसारख्या उभ्या राहिल्या. रंजिनी राय, हेतू शेठ व ज्योतिरंजन मल्लिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रदेशातील अशा दोनशेहून अधिक डाइकांची नोंद असून सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटरांपर्यंत जाते. खानदेशाचे भूरसायन प्रामुख्याने या काळ्या खडकाचे आणि या भिंतींचे आहे. जळगाव जिल्ह्यातील खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखे स्फटिक जगभरच्या संग्रहांत गेले आहेत. ते याच बेसाल्टच्या पोकळ्यांत नंतर वाढलेले होत. त्यांची चमक पाहून हिऱ्याची आठवण होणे साहजिक आहे. परंतु अपोफिलाइटवर पोलादी चाकूचा ओरखडा उठतो, हिऱ्यावर उठत नाही. एवढी परीक्षा पुरेशी आहे.

आता पहिला शब्द. हिरे ज्या खडकात सापडतात त्यास मराठी लेखनात 'हिरेयुक्त', 'हीरकधारी', 'हिऱ्याचा खडक' अशी नावे दिली जातात. यांपैकी कोणतेही बाधक नाही. परंतु विद्यार्थ्यांच्या लेखनात वारंवार येणारे चौथे नाव, 'हिरे निर्माण करणारा खडक' किंवा त्याचेच भारदस्त रूप 'हीरकजनक', हे शास्त्रदृष्ट्या सरळ चूक आहे. किंबरलाइट हिरा निर्माण करीत नाही. हिरा पृथ्वीच्या प्रावरणात, सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर, प्रचंड दाबाखाली तयार होतो. किंबरलाइटचा शिलारस त्याच्याही खालून वर येताना वाटेतले दगड आणि हिरे उचलून आणतो. हा फरक नुसत्या तर्काचा नाही. १९८४ मध्ये रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या पोटात अडकलेल्या सूक्ष्म गार्नेटांचे समस्थानिक मोजले. त्या हिऱ्यांचे वय ३०० कोटी वर्षांच्या पलीकडे गेले. ज्या किंबरलाइटांतून ते निघाले त्यांचे वय मात्र ९ ते १२ कोटी वर्षे इतकेच होते. गाडीपेक्षा उतारू तीसपट म्हातारा निघाला. अशा ठिकाणी 'जनक' हा शब्द वापरणे म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट एका प्रत्ययाने पुसून टाकणे होय. 'हीरकवाहक' हा शब्द अधिक योग्य आहे, आणि प्रस्तुत लेखाच्या शीर्षकात तो त्याच कारणासाठी घेतला आहे.

हा शब्दभेद खानदेशाच्या संदर्भात विशेष उपयोगी पडतो. बेसाल्टही प्रावरणातूनच आला आणि किंबरलाइटही प्रावरणातूनच. मग एकात हिरे आणि दुसऱ्यात का नाहीत, हा प्रश्न वर्गात हमखास विचारला जातो. 'जनक' म्हणणाऱ्यास त्याचे उत्तर देता येत नाही, कारण त्याला खडकाच्या रसायनातच हिऱ्याचे कारण शोधावे लागते. 'वाहक' म्हणणाऱ्यास उत्तर सोपे आहे. बेसाल्टचा शिलारस ज्या खोलीवर वितळून वेगळा होतो ती हिऱ्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ कमी आहे. जेथे हिरेच नाहीत तेथून निघालेली गाडी हिरे कोठून आणणार? शिवाय हिरे टिकण्यासाठी खाली जाड, थंड आणि अतिप्राचीन भूखंडाचे मूळ लागते. गंमत अशी की छत्तीसगडमधील मैनपूर परिसरातील बेहराडीह व कोडोमाली येथील हीरकवाहक नळ सुमारे ६.५ कोटी वर्षांचे, म्हणजे जवळजवळ दख्खनच्या बेसाल्टच्याच वयाचे निघाले. एकाच काळात एकीकडे खानदेशावर लाव्ह्याचे पूर पसरत होते आणि दुसरीकडे बस्तरच्या जुन्या भूखंडातून हिरे वर येत होते. काळ एकच, पण खोली वेगळी आणि खालची जमीन वेगळी.

उगमस्थान आणि वाहक यांची गल्लत केवळ आजची नाही. तिचा जुना नमुना रत्नशास्त्राच्या ग्रंथांत सापडतो, आणि त्या ग्रंथांचा मराठीत जो उपयोग होतो त्याची चिकित्सा येथे करणे आवश्यक आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात हिऱ्याच्या योनी सांगताना खाण, प्रवाह आणि प्रकीर्ण अशा तीन सांगितल्या आहेत. ही विभागणी विलक्षण नेमकी आहे. मूळ खडक, नदीचा गाळ आणि इतस्ततः विखुरलेले दाणे असा भेद आजचा पूर्वेक्षक भूवैज्ञानिकही करतो. याउलट वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील रत्नपरीक्षेत हिऱ्यांची जी स्थळे येतात, ती वेणा नदीचा तट, कोसल, सौराष्ट्र, शूर्पारक, हिमालय, मतंग, कलिंग आणि पौंड्र अशी असून प्रत्येकास एक रंग लावून दिला आहे. शूर्पारकाचा हिरा तेथे काळा सांगितला आहे. शूर्पारक म्हणजे आजचे वसईजवळील सोपारे. त्याच्या पायाखाली बेसाल्ट आहे. तेथे हिऱ्याची खाण असणे संभवत नाही. ते प्राचीन काळी मोठे बंदर होते. म्हणजे या यादीत खाण आणि बाजारपेठ एकाच पंक्तीस बसविल्या आहेत: हिरा जेथे निघाला ते स्थळ आणि जेथे विकला गेला ते स्थळ, दोन्ही 'आकर' ठरली.

लुई फिनो यांनी १८९६ मध्ये पॅरिस येथे भारतीय रत्नशास्त्राच्या ग्रंथांचे संपादन केले. त्यानंतर अशा याद्या परस्परांशी ताडून पाहण्याची सोय झाली. तरीही मराठीतील लोकप्रिय लेखनात बृहत्संहितेची यादी ही 'प्राचीन भारतातील हिऱ्यांच्या खाणींची यादी' म्हणून उद्धृत होते. हा वाचनाचा दोष आहे, वराहमिहिराचा नव्हे. त्याने ग्राहकासाठी लिहिले. ग्राहकाला मालाचा रंग आणि पेठेचे नाव कळले की पुरे. भूवैज्ञानिकाच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडून घ्यावयाचे असेल तर आधी प्रत्येक स्थळनामाची उलटतपासणी केली पाहिजे.

सोपाऱ्याचे जे झाले ते खानदेशाचेही झाले असते. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरच्या वाटेने गेला तेव्हा नवापूरवरून, म्हणजे खानदेशातूनच, गेला. तेथल्या सुवासिक तांदळाची त्याने तारीफ केली आहे. सुरत हे तापीच्या मुखावरचे बंदर, बऱ्हाणपूर हे तापीकाठचे ठाणे. मधला सारा प्रदेश खानदेशाचा. व्यापाऱ्यांच्या मालात दक्षिणेचे हिरे असत. आजही सुरत हे हिऱ्यांना पैलू पाडण्याचे जगातले प्रमुख केंद्र आहे आणि जळगावचा सराफ बाजार सोन्यासाठी प्रसिद्ध आहे. उद्या एखाद्या जुन्या यादीत 'तापीतटाचा हिरा' असा उल्लेख सापडला, तर त्याचा अर्थ खाण असा न घेता वाट असा घ्यावा लागेल. त्यातून 'खानदेश' आणि 'खाण' या शब्दांतील ध्वनिसाम्य भुरळ घालण्याजोगे आहे. खानदेश या नावाची जी उपपादने पुढे आली, फारुकी राजांच्या 'खान' पदवीची असो वा 'कान्हदेश' या रूपाची, त्यांपैकी कशाचाही खनीशी संबंध नाही.

ज्या गावाच्या नावाचा हिऱ्याशी खरोखर संबंध आहे ते महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात आहे. वैरागड. येथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-इ-अकबरीत आहे. लोककथा हे नाव वैरोचन नावाच्या राजाशी जोडते, आणि सामान्य वाचक त्यात 'वैर' किंवा 'वैराग्य' ऐकतो. शेवटी किल्ला असल्यामुळे 'गड' तर आहेच. भाषाशास्त्र वेगळे सांगते. संस्कृत 'वज्र' या जोडाक्षरी शब्दाची प्राकृतात दोन रूपे झाली. एक वर्णसारूप्याने 'वज्ज'. दुसरे मध्ये स्वर घुसून: पालीत 'वजिर', पुढे जकार लोपून 'वइर'. जैन परंपरेतील वज्रस्वामींचे प्राकृत नाव 'वइरसामि' हे त्याचेच उदाहरण. तमिळमध्ये हिऱ्याला 'वयिरम्' म्हणतात तेही याच वाटेने गेलेले. आता पहिल्या कुलोत्तुंग चोळाच्या कोरीव लेखांत त्याने 'वयिराकरम्' येथे हत्ती पकडल्याचा उल्लेख आहे, आणि अभ्यासकांनी ते स्थळ वैरागड हेच ठरविले आहे. म्हणजे अकराव्या शतकात नावाचा उत्तरार्ध 'गड' नव्हता, 'आकर' होता. वज्राकर, वइरागर, आणि मग वैरागड. 'आगर' हा शब्द मराठीस अपरिचित नाही. 'मिठागर' या शब्दात बहुधा तोच 'आकर' आजही जिवंत आहे. किल्ल्याच्या सान्निध्याने 'आगर'चे 'आगड' झाले आणि लोकांनी त्यात गड ओळखला. हिऱ्याची खाण नावातून नाहीशी झाली, कारण ती जमिनीतूनही जवळजवळ नाहीशी झाली होती. येथे एक सावधगिरी: 'वैनगंगा' या नावातील 'वै' या 'वै'हून वेगळा आहे. तो 'वेणा' किंवा 'वेण्या' या नदीनामातून आला. बृहत्संहितेतील 'वेणातट' म्हणजे वैनगंगेचा तट आणि तेथला शुद्ध हिरा म्हणजे वैरागडचा हिरा, असे समीकरण मांडले गेले आहे. भूगोल त्यास अनुकूल आहे. परंतु ते 'वै'च्या साम्यावर उभे करणे अशास्त्रीय ठरेल.

स्थळनामावरून खडकाचे नाव घडविण्याची आधुनिक पद्धत आणखी निराळ्या अडचणी उभ्या करते. किंबरलाइट हे नाव किंबर्ली या खाणीच्या गावावरून. ते गाव ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड किंबर्ली यांच्यावरून, आणि त्यांची पदवी इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील एका खेड्यावरून. त्या खेड्यात हिरा नाही. अशा नावाचे भाषांतर करण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. ते लिप्यंतर करूनच घ्यावे. लिप्यंतराचे पथ्य मात्र पाळले पाहिजे. किंबरलाइटाच्या एका गटास 'ऑरेंजाइट' म्हणतात. हे नाव दक्षिण आफ्रिकेतील पूर्वीच्या ऑरेंज फ्री स्टेटवरून पडले, फळावरून किंवा रंगावरून नाही. त्याचे 'नारिंगी खडक' असे भाषांतर करणाऱ्याने हा खडक पाहिलेला नसतो. याहून बिकट उदाहरण घरचेच आहे. पन्ना जिल्ह्यातील मझगवाँ येथील हीरकवाहक नळ किंबरलाइटाचा की लॅम्प्रॉइटाचा, हा वाद दीर्घकाळ चालला, आणि तो कोणत्याच चौकटीत नीट बसत नाही म्हणून 'मझगवाँ'वरून स्वतंत्र खडकनाम द्यावे अशीही सूचना पुढे आली. मूळ हिंदी नाव अनुनासिकांत आहे. रोमन लिपीत त्याला शेवटी नकार मिळाला. मराठी लेखक ते रोमनमधून परत आणतो तेव्हा 'मझगावन', 'मजगवान', क्वचित 'माझगाव' असे लिहितो. आणि मुंबईचा वाचक आपल्या गोदीजवळ हिरे सापडले की काय म्हणून चकित होतो. देवनागरीतून देवनागरीत येणारे नाव रोमनच्या नाक्यावरून फिरवून आणण्याचे काही कारण नाही.

बॅराइटाकडे वळल्यावर दुसऱ्या प्रकारचा प्रश्न येतो. हे बेरियम सल्फेटाचे खनिज. कठिनता ३ ते ३.५, विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.५. पांढुरका, काचेसारखा दिसणारा दगड हाताला अनपेक्षित जड लागतो, हीच त्याची पहिली ओळख, आणि नावही त्यावरूनच पडले. ग्रीक 'बारुस' म्हणजे जड. ज्या मूळ धातूतून ग्रीकात 'बारुस' आला त्याच धातूतून संस्कृतात 'गुरु' आला. हे साम्य तुलनात्मक भाषाशास्त्रात निर्विवाद आहे. म्हणजे 'बॅराइटाचे विशिष्ट गुरुत्व' या पदसमूहात एकच आदिशब्द दोनदा येतो, एकदा ग्रीक वेषात आणि एकदा संस्कृत वेषात. हे लक्षात घेता बॅराइटास 'परका' शब्द म्हणून हिणविणे आणि 'गुरुत्व' यास 'आपला' म्हणून मिरविणे यांत फारसा अर्थ उरत नाही. (१८०८ मध्ये डेव्हीने बेरियम धातू वेगळा केला तेव्हा तो काही फार जड निघाला नाही. त्याची घनता हिऱ्याच्या घनतेच्या, म्हणजे सुमारे ३.५ च्या, आसपासच आहे. जडपणा संयुगाचा होता. नाव मात्र मूलद्रव्याला चिकटले.)

खरी हानी लेखनपद्धतीने होते. या खनिजाचे नाव मराठीत बॅराइट, बराइट, बेराइट, बॅरायटीज, बेरायटीस अशा अनेक रूपांत आढळते; व्यापारात तर 'बरायटी' हेही चालते. मूलद्रव्य मात्र सर्वत्र 'बेरियम'. परिणामी 'बेरियम' आणि 'बॅराइट' यांचा संबंध डोळ्याला दिसत नाही, आणि त्याउलट 'बेरिल' व 'बेरिलियम' यांच्याशी नसलेला संबंध दिसू लागतो. बेरिल हा शब्द वास्तविक आपलाच. संस्कृत 'वैडूर्य', प्राकृत 'वेरुलिय', तेथून ग्रीकात आणि तेथून युरोपात गेलेला. त्याचा जडपणाशी काही संबंध नाही. इंग्रजीत स्वरचिन्हे अशी गल्लत होऊ देत नाहीत. मराठीत मात्रेच्या फरकाने दोन मूलद्रव्यांची सरमिसळ होते, आणि रसायनात ती परवडणारी नाही: बेरियम व बेरिलियम आवर्त सारणीत एकाच गटात असूनही आचरणाने दूरचे आहेत. 'आइट' या प्रत्ययाचीही अशीच अनवस्था आहे. एकाच पुस्तकात 'किंबरलाइट', 'कॅल्साईट' आणि 'डोलोमायट' असे तीन प्रकारे लिहिलेले आढळते. हा एकच ग्रीक प्रत्यय आहे. तो एकाच प्रकारे, 'ाइट' असा, लिहावा. मराठी विश्वकोशाने या बाबतीत बरीच शिस्त दाखविली, तिचे अनुकरण पाठ्यपुस्तकांनी केले असते तर अर्धे काम झाले असते.

बॅराइटाचे साठे महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. देशातील प्रचंड साठा आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथला. तेलविहिरी खोदताना खालचा वायू उसळू नये म्हणून जे जड चिखलपाणी वापरतात त्यात बॅराइटाची भुकटी घालतात, आणि या खनिजाची बहुतेक मागणी तेथेच आहे. खानदेशाशी त्याचा संबंध साठ्याच्या रूपाने नाही, लेशमात्र मूलद्रव्याच्या रूपाने आहे. बेरियमचा अयन आकाराने पोटॅशियमच्या अयनाजवळचा असल्याने तो शिलारसातील पहिल्या खनिजांत शिरत नाही. द्रवात मागे राहतो आणि शेवटी फेल्स्पारात किंवा अभ्रकात जागा मिळवितो. दख्खनच्या बेसाल्टात तो सामान्यतः दशलक्ष भागांत शे-दोनशे भागांच्या आसपास असतो. लॅम्प्रॉइटात तोच हजारोंनी मोजावा लागतो. हीरकवाहक खडक आणि बेरियम यांची सांगड येथे बसते: अत्यल्प वितळणातून निघालेल्या, खोलवरच्या शिलारसात असली मूलद्रव्ये एकवटतात, आणि अशा खडकांत शेवटच्या टप्प्यावर बॅराइटही क्वचित जमतो. विद्यार्थ्याने हिरा आणि बॅराइट ही दोन प्रकरणे वेगवेगळ्या पुस्तकांत वाचली तर हा धागा त्याच्या हाती लागत नाही.

बेसाल्टाच्या थरांना ओळखण्यासाठीही बेरियमचा उपयोग होतो. १९८० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील थरांची रासायनिक प्रतवारी झाली तेव्हा बेरियम, स्ट्रॉन्शियम, टिटॅनियम यांच्या प्रमाणांवरून जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशा शैलसमूहांची रचना ठरली. आंबेनळीच्या खडकात बेरियम कमी, कारण त्या शिलारसाला कवचातील ग्रॅनाइटी खडकांची भेसळ फारशी झाली नाही; बुशेमध्ये भेसळ पुष्कळ. धुळे-नंदुरबारच्या डाइकांची तुलना याच प्रतवारीशी केली जाते, म्हणजे खानदेशातील एखादी भिंत घाटमाथ्यावरच्या कोणत्या थराची सोयरी आहे हे शोधले जाते. या साऱ्या नावांचे मूळ मराठी आहे. आणि तरीही मराठी प्रबंधांत 'अंबेनाली', 'ठाकुरवाडी', 'बुशी' अशी रूपे दिसतात! आंबेनळी हा महाबळेश्वर व पोलादपूर यांमधला घाट. त्याच्या नावातील 'नळी' ही डोंगरातली अरुंद वाट होय, 'नाली' नव्हे. डोंगर चढणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला ठाऊक असलेला हा शब्द रोमन लिपीतून परतताना गटाराचा अर्थ घेऊन आला. जे शास्त्र दशलक्षातला एक भाग मोजते त्याच्या अभ्यासकाने एक मात्रा मोजू नये, हे आश्चर्य आहे.

खानदेशाच्या वायव्येला, नर्मदेच्या उत्तरेस, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आंबाडोंगर आहे. १९६३ मध्ये सुखेश्वाला आणि उदास यांनी तेथील वर्तुळाकार टेकडी कार्बोनेटाइटाची असल्याचे दाखविले. अग्निज असूनही चुनखडीसारखा कार्बोनेटी असलेला हा खडक तेव्हा भारतीय भूविज्ञानात नवीन होता. वय सुमारे ६.५ कोटी वर्षे, म्हणजे पुन्हा दख्खनच्या बेसाल्टाच्या जवळचे. तेथे फ्ल्युओराइटाचा मोठा साठा आहे आणि त्याच्या जोडीला बॅराइटही आढळतो. खानदेशातून जाण्याजोग्या अंतरावर बॅराइट प्रत्यक्ष कातळात पाहावयाचा तर तो येथे, आणि खोल प्रावरणातील शिलारसाचे शेवटचे टप्पेही येथेच. या स्थळाचे नाव लक्षणीय आहे. गुजरातीत 'डुंगर' आणि मराठीत 'डोंगर'. जागतिक वाङ्मयात स्थिरावले ते 'डोंगर' असलेले रूप. भिल्ल वस्तीच्या या प्रदेशात दोन्ही भाषा एकमेकींत मिसळतात आणि दोहोंहून वेगळी अशी बोली बोलली जाते. तेव्हा या नावावर कोणत्याही एका प्रांताने हक्क सांगू नये. परंतु मराठी लेखकाने तरी ते 'अंबाडूंगर' असे लिहू नये.

परिभाषेचे सारेच अपयश आहे असे नाही. खनिजाची पूड घासून उमटणाऱ्या रंगास मराठीत 'कस' म्हणतात. सोनाराच्या कसोटीवरून आलेला हा शब्द जळगावच्या सराफाला आणि खनिजविज्ञानाच्या विद्यार्थ्याला सारखाच कळतो. 'शिलारस' हाही उत्तम. 'दक्षिण ट्रॅप' मात्र तडजोडीचा. 'ट्रॅप' हा स्वीडिश 'पायरी' या अर्थाच्या शब्दापासून आलेला. मराठी वाचक त्यात सापळा ऐकतो, आणि सातपुड्याच्या उतारावर समोर दिसणाऱ्या पायऱ्यांशी त्याचा संबंध त्याला कोणी सांगत नाही. 'धातू' या शब्दाचे ओझे तर व्याकरण, वैद्यक आणि खनिजविज्ञान या तिघांनी मिळून वाहिले आहे. ज्या धुळ्यात राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे आणि ज्यांच्या धातुकोशात लोखंड-तांब्याचा संबंध नाही, तेथे ही संदिग्धता रोज अनुभवास येते. म्हणून ज्यातून धातू काढला जातो अशा खनिजासाठी 'धातुक' हा वेगळा शब्द रूढ झाला हे बरे झाले.

राहिली 'भित्ती'. डाइक या शब्दासाठी हा पर्याय सुचविणाऱ्यांवर संस्कृताळलेपणाचा आरोप होतो, कारण 'भिंत' हा चालता शब्द असताना 'भित्ती' कशाला? आरोप वरवर रास्त दिसतो. परंतु संस्कृत 'भित्ति' हा शब्द 'भिद्' म्हणजे फोडणे, विदीर्ण करणे या धातूपासून झाला आहे. डाइक ही रचलेली भिंत नव्हे. खडक फोडून आत शिरलेला, नंतर उघडा पडलेला दगड आहे. 'भित्ती' या शब्दात ही फोड शाबूत आहे, 'भिंत' यात ती विसरली गेली. ग्रंथात 'भित्ती' लिहावे. पण साक्री किंवा शिंदखेड्याच्या शेतकऱ्याशी बोलताना 'भिंत'च म्हणावे. कारण त्याला हवे असते ते भिंतीच्या कोणत्या अंगाला विहीर खणावी याचे उत्तर. डाइक अखंड असेल तर ती भूजलाचा प्रवाह अडवते व वरच्या अंगाला पाणी साठते. तडकलेली असेल तर तीच पाणी वाहून नेते. त्या दोन स्थितींना वेगळी मराठी नावे अद्याप पडलेली नाहीत, आणि ती पाडण्याचे काम वाईच्या किंवा मुंबईच्या समितीपेक्षा धुळे-नंदुरबारच्या शिवारात फिरणाऱ्या विद्यार्थ्याला अधिक चांगले जमेल.